मुलगा म्हणतोय ग्रीन कार्डाचा अर्ज टाकतो. टाकू द्यावा का?

जुळे_सोलापूर | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ६६, ही ६२. मी शाळेतून निवृत्त, पेन्शन आहे, जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे. मुलगी पुण्यात, मुलगा डलासला. तो गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच विषय. "बाबा, तुमचा आणि आईचा अर्ज टाकून देतो. आई-वडिलांना रांग नसते. कार्ड आलं की मग ठरवा, राहायचं का नाही."

त्याचं हे शेवटचं वाक्य मला खटकतं. मी तीस वर्षं गणित शिकवलं. मागच्या पानावरचं उत्तर बघून उदाहरण सोडवणारी पोरं मला लांबून ओळखू येतात.

आम्ही दोनदा जाऊन आलो, २०१७ आणि २०२३, दोन्ही वेळा पाच-पाच महिने. त्रास काही नाही. सून चांगली आहे (ती इथे वाचत नाही, तरी लिहितो). नातू सात वर्षांचा. पण ते पाहुणे म्हणून. इथे सकाळी कंबर तलावाची फेरी, मग पार्क चौकात चहा, आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालणं. कोरोनाचं वर्ष सोडलं तर एकतीस वर्षांत तिथला एकही अक्षता सोहळा चुकवलेला नाही. हिचं भजनी मंडळ, शेजार. ती काही तिथे रमणार नाही.

विचारायचं ते एवढंच: कार्ड घेऊन ठेवायचं आणि बहुतेक काळ सोलापुरात राहायचं, असं चालतं का? दवाखान्याचं काय? पेन्शन, घर, बँक यांचं काय? ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. संस्कार आणि पाश्चात्त्य संस्कृतीवर धागा नेऊ नये ही विनंती.

ऑस्टिनकर | ३ ऑगस्ट, रात्री ८:३५

सर, मुलाचं रांगेबद्दलचं वाक्य बरोबर आहे. २१ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही. (नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला हा अर्ज करताच येत नाही, नागरिकच लागतो.) आय-१३० अर्ज, मग मुलाच्या उत्पन्नाची हमी, मग पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, लसी आणि मुंबईत मुलाखत. वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

शेवटचं वाक्य मात्र उलटं आहे. आधी ठरवायचं, मग कार्ड घ्यायचं. ते 'राहणाऱ्याचं' कार्ड आहे. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्ष उलटलं की नुसत्या कार्डावर आत येता येत नाही. जास्त काळ जायचं असेल तर अमेरिकेत असतानाच अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन री-एंट्री परमिट काढायचं, ते फार तर दोन वर्षांचं. वर्षातून एकदा पाय लावून जाणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण एक दिवस अधिकारी विचारतो, तुमचं घर कुठे? तुम्ही खोटं बोलणारे नाही. 'जुळे सोलापूर' म्हणाल आणि विषय तिथेच संपेल.

तुमच्याकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा असणारच. एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला तेवढंच हवंय.

कंबर_तलाव | ३ ऑगस्ट, रात्री ९:०२

ऑस्टिनकरांशी सहमत. सर, एप्रिलात जावा, सप्टेंबरात या. सोलापूरचं ऊन चुकतंय, गड्डाबी सापडतोय. तसं डलासला ऊन काय कमी नाही म्हणतात, पण तिथं घरात गारवा असतंय की ओ.

परत_आलेली | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी ७१. कार्ड घेतलं, चार वर्षं राहिले, परत केलं. परत करायलाही फॉर्म असतो, आय-४०७. सही केली त्या दिवशी मुलगा माझ्याशी बोलला नाही.

तक्रार कुणाची नाही. एक प्रसंग सांगते, त्यावरून काय ते समजा. तिथे दारापुढे पत्रांची पेटी असते. दुपारी दोनच्या सुमारास टपालाची गाडी यायची. पत्रं कसली, सगळ्या जाहिराती, आणि माझ्या नावाचं तर काहीच नाही. तरी मी पावणेदोनला चपला घालून दारात. गाडीतली बाई पेटीत टपाल टाकायची आणि माझ्याकडे बघून हात हलवायची. मग मी आत यायची. बर्फ असेल तर खिडकीतून. दिवाळीच्या सुमारास ती बाई बदलली, नवीन आलेला माणूस मान वर करत नसे. त्या दिवशी मी पेटीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे, शेजाऱ्याने येऊन काही हरवलंय का विचारलं.

मुलाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने लगेच उपाय केला असता, क्लास लावला असता, ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात नेऊन सोडलं असतं. मला उपाय नको होता.

आमचे हे आधीच गेले होते, म्हणून मी एकटी. तुम्ही दोघं आहात, तुमचं वेगळं होईल. पण सर, एक विचारू? 'ती रमणार नाही' असं तुम्ही लिहिलंय. त्या तसं म्हणाल्या का?

जुळे_सोलापूर | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

विचारायचं काय त्यात. छत्तीस वर्षांचा संसार आहे, कळतं.

परत_आलेली | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५१

बरं.

कंबर_तलाव | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

आमच्या बाबांनाबी असंच कळायचं सगळं. सर, विचारून टाका की ओ.

होटगी_रोड | ५ ऑगस्ट, रात्री ११:१५

मी इथेच सीए आहे. पैशाचं सांगतो.

देश सोडला म्हणून पेन्शन थांबत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तो आता फोनसमोर चेहरा धरून 'जीवन प्रमाण'वर देता येतो, किंवा तिकडच्या भारतीय दूतावासातून घेता येतो. कायमचं जायला निघालात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं. हे निम्मे लोक करत नाहीत आणि दोन वर्षांनी केवायसीत अडकले की पहाटे मला फोन करतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी माणसाला नवं खातं उघडता येत नाही, तेव्हा असलेल्याची मुदत बघून पावलं उचला. घर विकायचा विचार असेल तर इथले रहिवासी असतानाच विका. अनिवासी झालात की घेणारा भलामोठा टीडीएस कापून ठेवतो आणि कमी कापायचा दाखला आधी काढला नसेल तर तो पैसा परतावा येईपर्यंत अडकतो. ठेवायचं असेल तर मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा आणि निघण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिथून करून पाठवायचं म्हणजे नोटरी, अपोस्टिल (तिथल्या सरकारचा शिक्का), इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा द्राविडी प्राणायाम.

खरी मेख अमेरिकेच्या बाजूला आहे. ग्रीन कार्ड घेतलं की तुम्ही तिथल्या आयकराचेही रहिवासी. इथली पेन्शन, एफडीचं व्याज, भाडं, सगळं तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी परदेशी खात्यांचा वेगळा 'एफबार' अहवाल. म्युच्युअल फंड असतील तर तिथले फॉर्म भरणाऱ्याची फी फंडाच्या नफ्याहून जास्त व्हायची.

आणि सर, तुमच्या एफडीवर दुसरं नाव मुलाचं असेल ना? सोलापुरात दहातल्या आठ घरांत असतं. मग ते त्यानेही तिथे दाखवायला हवं. आजच विचारा त्याला.

जुळे_सोलापूर | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५५

विचारलं. दहा सेकंद गप्प होता. मग म्हणाला, बघतो.

रात्रपाळी | ६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

दवाखान्याचं मी लिहिते, तिथे नर्स आहे.

पाहुणे म्हणून येताना जो प्रवासी विमा काढता, त्यात जुनी दुखणी धरत नाहीत. 'जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास' असं एक कलम असतं, त्याला मर्यादा असते आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. शुगर, बीपी, अँजिओप्लास्टी यातलं काही असेल तर पॉलिसीचं ते पान वाचल्याशिवाय विमानात बसू नका. गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली.

कार्ड मिळाल्यावर मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) लगेच मिळतं हा गैरसमज. वय ६५ आणि कार्डधारक म्हणून सलग पाच वर्षं तिथे वास्तव्य, मग. तेव्हाही तिथे दहा वर्षं नोकरी केलेली नसेल तर हॉस्पिटलचा भाग विकत घ्यावा लागतो, माणशी महिना ५०० डॉलरच्या वर. तोपर्यंत मार्केटप्लेसमधला (सरकारी विमा-बाजारातला) विमा. सवलत घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि मुलाने करात तुम्हाला आश्रित दाखवलं तर त्याचा पगार मोजला जातो.

विमा आहे म्हणजे झालं असंही नाही. आमच्याकडे आलेल्या एका आजींना कुठे दुखतंय ते सांगता येत होतं, पण कसं दुखतंय ते सांगता येईना. ठणकतंय, सळकतंय, कळ येतेय, चमक मारतेय. फोनवरचा दुभाषी हिंदीवाला, त्याने सगळ्याचं 'दर्द' केलं. मी ड्यूटीवर होते म्हणून निभावलं.

शेंगाची_चटणी | ७ ऑगस्ट, पहाटे ४:१०

ब्रॅम्प्टनहून. धागा अमेरिकेचा आहे, पण माझ्यासारखे कुणी वाचत असतील म्हणून. कॅनडात आई-वडिलांना कायमचं आणायची योजना नावालाच आहे. २०२० साली ज्यांनी इच्छेचा फॉर्म भरला होता त्यांच्यातूनच २०२५ ची निमंत्रणंसुद्धा गेली. मी २०२१ ला आले, म्हणजे माझा नंबर चिठ्ठीतही नाही. आणि लागलाच तर वीस वर्षांची जबाबदारी लिहून द्यायची. त्यापेक्षा सुपर व्हिसा बरा. एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा वर्षाचा आरोग्य विमा लागतो.

आई दोन वर्षं होती. मी चादर आणू नको म्हटलं होतं, बॅगेत जागा जाते. तिने तीन आणल्या. जानेवारीत तिन्ही अंगावर होत्या, एक माझ्या.

पर्थची_सून | ७ ऑगस्ट, सकाळी १०:२५

ऑस्ट्रेलियाचं ऐकाल तर अमेरिकेला हार घालाल. आधी मुलांची मोजणी: निम्मी तरी मुलं इथे कायम हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त हवीत. माझ्या सासूबाईंना तीन मुलं, एक इथे आणि दोन सोलापूर-पुण्यात, म्हणून त्या नापास. पास झालात तर पैसे भरून यायची रांग दहा-बारा वर्षांच्या पुढे आणि माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर. बिनपैशाची रांग तीस वर्षांच्या आसपास. पासष्टीच्या माणसाला हे सांगताना सरकारी वेबसाइटला काही वाटत नाही. आम्ही ८७० नंबरचा व्हिसा काढला, तात्पुरता. तीन किंवा पाच वर्षांचा असतो, सगळे मिळून जास्तीत जास्त दहा.

आणि खाण्याचं जे आणाल ते विमानतळावर कागदावर लिहाच. सासऱ्यांनी कडक भाकरी 'बिस्किट' म्हणून सांगितली होती. अधिकाऱ्याने एक काढून टेबलावर वाजवून बघितली.

लेस्टरचा_पाटील | ७ ऑगस्ट, दुपारी २:००

यूके: २०१२ साली नियम बदलले, तेव्हापासून जवळपास बंदच समजा. आई-वडिलांना रोजच्या व्यवहारात दुसऱ्याचा आधार लागतो आणि ती काळजी भारतात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करायचं. पैसे पाठवून बाई ठेवता येते, म्हणजे नाही. पुढे.

पूर्व_भाग | ८ ऑगस्ट, रात्री १०:५०

थोडं अवांतर. आम्ही पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून गिरणीत कामाला सोलापूरला आले. जम बसल्यावर त्यांनी आईला बोलावून घेतलं, म्हणजे माझ्या खापरपणजीला. ती इथे बावीस वर्षं जगली आणि मराठी एक अक्षर शिकली नाही. पण तिला गरजच पडली नाही म्हणतात, कारण साखर पेठेत पाण्याच्या नळापासून किराणा दुकानापर्यंत सगळे तेलुगू. म्हणजे ती आली तेव्हा तिच्याबरोबर तिचं गावही आलं होतं.

डलासला आता मराठी मंडळ आहे, देवळं आहेत, ढोल-ताशा आहे, हे खरं. पण तिथवर जायला गाडी लागते आणि गाडी मुलगा चालवतो. आमची म्हातारी नळावर पायी जायची.

मला वाटतं फरक तेवढाच आहे, पण तो मोठा आहे.

कंबर_तलाव | ८ ऑगस्ट, रात्री ११:०५

+१. लई भारी लिहिलात.

ऑस्टिनकर | ८ ऑगस्ट, रात्री ११:४०

+१. माझी आई इथे पासष्टीत गाडी शिकली, पण ते उदाहरण म्हणून सांगू नये असं मला बायकोने बजावलंय.

जुळे_सोलापूर | १६ ऑगस्ट, सकाळी ५:५०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला.

काल आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. बाहेरच्यांसाठी सांगतो, सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि वेळेचा भरवसा नसतो. पहाटे तीनला सुटलं. मी मोटार लावली, ही हौदाच्या कडेला पाटावर बसली, हातात बॅटरी. पाणी किती चढलं ते बघत असते. तिथेच विचारलं. अर्ज टाकायचा का, म्हटलं.

ती म्हणाली, "मी जाईन."

मला वाटलं मोटारीच्या आवाजात चुकीचं ऐकलं. परत विचारलं.

"या घरात आल्यापासून मी एक कान उघडा ठेवून झोपते. नळ कधी वाजेल म्हणून. डलासला पहिला आठवडा तीनला उठून बसत होते. दुसऱ्या आठवड्यात जाग आली ती एकदम सातला. घाबरले, म्हटलं पाणी गेलं. मग आठवलं कुठे आहोत ते. पाच महिने झोपले मी. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मी म्हटलं, भजनी मंडळ? तर म्हणाली, नऊ जणी होतो. दोघी मुलांकडे गेल्या, तिघी देवाघरी. उरलेल्या चौघींत एकीला ऐकू येत नाही. "तुमचा गड्डा वर्षातून एकदा असतो. माझं रोजचं आहे."

मग बॅटरी हौदात मारली आणि म्हणाली, बंद करा, भरला.

परत_आलेली, तुमचा 'बरं' मला आत्ता कळला.

ऑस्टिनकर, माझा प्रश्न बदललाय. एकटीचा अर्ज टाकता येतो का?

ऑस्टिनकर | १६ ऑगस्ट, सकाळी ९:१५

येतो. उलट आई-वडिलांच्या बाबतीत दोन स्वतंत्रच अर्ज लागतात, एकाच्या अर्जावर दुसरा जात नाही. काकूंचा टाकायचा, तुमचा नाही, यात कायद्याला अडचण नाही.

दोन गोष्टी मात्र बघा. अर्ज चालू असताना काकूंनी व्हिजिटर व्हिसावर यायचं टाळावं, राहायलाच आलात असा संशय घेतात. आणि त्या तिथे स्थायिक झाल्यावर तुम्ही पाहुणे म्हणून उतरलात की तुम्हाला विचारणार, बायको इथे, मग तुम्ही परत कशाला जाल? पेन्शनचे आणि घराचे कागद जवळ ठेवा.

पर्थची_सून | १६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

आणि गड्ड्याचा बाराबंदीतला फोटो.

परत_आलेली | १६ ऑगस्ट, दुपारी २:०५

सर, त्यांना म्हणावं, टपालाच्या वेळी मला फोन करत जा. इथे तेव्हा मध्यरात्र असेल, पण मी जागी असते.

जुळे_सोलापूर | २१ सप्टेंबर, रात्री ८:२०

धागा वर काढतोय, माफ करा. कागदांत अडकलो. हिचा जन्म १९६३ चा, मंगळवेढा तालुक्यातला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आणि पासपोर्टवर त्या दुसऱ्याचंच भलतं स्पेलिंग. जन्मदाखल्यासाठी काल ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक बिचारा भला, त्याने जुनं रजिस्टर काढलं, पानं चिकटलेली. नोंद सापडली. तारीख आहे, वडिलांचं नाव, जात, गाव, सगळं आहे. मुलाच्या नावाच्या रकान्यात 'मुलगी' एवढंच.

ही बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून होती. आता काय करायचं?

ऑस्टिनकर | २१ सप्टेंबर, रात्री ९:००

त्या पिढीत हे नेहमीचं आहे. नावाशिवायचा उतारा एकटा पुरत नाही. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या, घरातल्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. त्यांना जन्माची माहिती स्वतःला होती असं त्यात हवं.

जुळे_सोलापूर | २१ सप्टेंबर, रात्री ९:२५

दोघं मिळणं अवघड. मोठे चुलते आहेत, पण त्यांना आता माणूस ओळखू येत नाही. मामी मात्र ८४ च्या आणि खडखडीत, बाळंतपणाला त्याच होत्या. उद्या जातोय. हिने आजच साडी काढून ठेवली.

कंबर_तलाव | २१ सप्टेंबर, रात्री ९:३१

मंगळवेढ्याला जायलाच आहात तर यंदाची ज्वारी सांगून या सर. नंतर भाव चढतंय.

जुळे_सोलापूर | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

दरवर्षी दोन पोती सांगतो. यंदा किती सांगायची ते ठरलेलं नाही.